सोपवून दिलेली मंडळी

माझे मामा मार्तंड उजागरे रविवारच्या उपासनेनंतर बोलायला उठले, की आई उगाचच पदराने तोंड पुसायला लागायची आणि मागच्या रांगेतली माणसं पायाने चपला चाचपायला लागायची. मामांचा आवाज मोठा नव्हता. ते कोणाला वाकडं बोलत नसत. पण एकच गोष्ट ते वर्षानुवर्षं बोलत राहिले, आणि तेच ते ऐकायला माणसं कंटाळतात. ती गोष्ट काय होती आणि तिच्यापायी काय झालं, ते सांगते.

मामा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे त्यांचं दुकान होतं. आमची मंडळी तिथंच, दोन गल्ल्या सोडून, पत्र्याच्या लांबट हॉलमध्ये जमायची. मंडळी म्हणजे थोडी ख्रिस्ती घरं. कोणत्याही मोठ्या मिशनचा आमच्यावर हात नव्हता. पगारी पाळकही नव्हता. मंडळीने आपल्यातल्याच दोघांना वडील म्हणून नेमलं होतं. शिकवणं, आजाऱ्याकडे जाणं, भांडणं मिटवणं, सगळं या दोघांकडे असे. एक मामा आणि दुसरे गणपतराव, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, अतिशय सौम्य. गणपतरावांना कोणाला नाही म्हणता येत नसे.

संत्र्याच्या बागांमुळे मामांचं नरखेड तालुक्यात सारखं जाणं व्हायचं. तिकडे तिवसमाळ नावाच्या खेड्यात नत्थूजी डोंगरे यांची बाग होती. नत्थूजी लहानपणी मिशनच्या वसतिगृहात शिकलेले, बाप्तिस्मा घेतलेले. पण गावी परतल्यावर प्रार्थना वगैरे सगळं सुटलं होतं. एकदा मामा मोटार उघडून बसले होते आणि काम करता करता एक ख्रिस्ती गीत गुणगुणत होते. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या नत्थूजींच्या तोंडून पुढची ओळ आपोआप निघाली. मामा सांगायचे, "मी वर पायलं तं मानूस रडून राहिला होता."

तिथून तिवसमाळची उपासना सुरू झाली. साल सदुसष्ट असेल. नत्थूजींच्या अंगणात ते, त्यांची बायको कौसल्या, धाकटा भाऊ वामन, त्याचं बिऱ्हाड आणि शेजारची चार घरं बसायची. आमच्या मंडळीतली माणसं पाळीपाळीने एसटीने जायची. मी मामा-मामींबरोबर पुष्कळदा गेले आहे. जाताना काटोलपर्यंत झोप, मग कच्चा रस्ता, मग कौसल्याबाईंच्या हातची भाकरी आणि ठेचा. परतताना पिशवीत त्यांनी कोंबलेली संत्री. मामांच्या मनात एकच होतं. या लोकांनी लवकर आपल्यातलेच वडील नेमावेत, आणि आपण मग पाहुण्यासारखं जावं.

त्र्याहत्तर साली, दुष्काळाच्या पाठीवर, श्रीधर साळवे यांनी संस्थेचा विषय काढला.

श्रीधरभाऊ चांगला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवते. बँकेत अधिकारी, टापटिपीचा, देवाला भिऊन वागणारा. दुष्काळात खेड्यांची हालत त्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून ते अस्वस्थ होते. त्यांचं म्हणणं असं, की नागपुरातल्या आपल्यासारख्या पाच-सहा लहान मंडळ्यांनी मिळून 'सुवार्ता सेवा संघ' काढावा. त्याची नोंदणी करावी. अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणी नेमावी. मंडळ्यांनी आपल्या अर्पणाचे पैसे संघाला द्यावेत, आणि सुवार्ता सांगणं, नव्या लोकांना शिकवणं, बाप्तिस्मा देणं, गावोगावची उपासना चालवणं हे संघाने करावं.

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना डोलल्या. मामा उठले.

"श्रीधर, दुष्काळात धान्य वाटाले संघ काढ. मी पोतं उचलाले येतो. पन हे बाकीचं काम त्याइच्याकडं काहून?"

"काम मोठं आहे, मार्तंडभाऊ. आपण विखुरलेले आहोत. एकत्र आलो तर जास्त होईल."

"मंडळी तुह्या-माह्या डोक्यातून निघाली का? प्रभूनं स्थापन केली ना? तिले काम बी त्यानंच देल्लं. मंग माणसाइनं मांडलेल्या कमिटीनं ते उचलून न्यावं, असं त्यानं कुठं सांगितलं? प्रेषितांच्या टायमाले मंडळ्या होत्या, वडील होते, सेवक होते. त्याइच्या वरतं कोनता संघ होता?"

श्रीधरभाऊ हसले. "तुम्ही तिवसमाळला एसटीने जाता. एसटी महामंडळ तरी शास्त्रात कुठं आहे?"

हॉल खदखदून हसला. मलाही हसू आलं. मामा तेवढे हसले नाहीत.

"एसटी मले नेऊन सोडते," ते म्हणाले. "तिथं जाऊन काय शिकवाचं, कोनाले बाप्तिस्मा द्याचा, कोनाले वडील करायचं, हे कंडक्टर सांगत नाई. तुहा संघ सांगीन."

आता वाटतं, एवढ्या एका वाक्यात त्यांचं सगळं म्हणणं होतं. पण हसणाऱ्या माणसांना ते ऐकू गेलं नाही. गणपतरावांनी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं बोलून घेतलं आणि हात वर करायला सांगितलं. मामांच्या बाजूने कुसुममामीचा हात वर झाला आणि इंदुताईंचा. इंदुताई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहायच्या. माझी आई, मामांची सख्खी बहीण, तिचा हात मांडीवरच राहिला. घरी जाताना मामांनी तिला विचारलं, "सिंधू, तू बी?" तर आई म्हणाली, "दादा, किती वर्षं एसटीनं जायचं? गुडघे बोलून राहिले माझे."

खरं कारण तेच होतं, आणि मामांना त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा. शास्त्रावरून कोणी भांडलं असतं तर ते रात्रंदिवस भांडले असते. पण माणसांना फक्त सुटका हवी होती. संघ झाला आणि तिवसमाळला जायची आमची पाळी बंद झाली. रविवारी उपासना, अर्पण, आणि मग संघाचा कोणीतरी येऊन सांगायचा की कुठं काय चाललंय. आम्ही ऐकायचं आणि 'आमेन' म्हणायचं. आजाऱ्यांच्या घरीही माणसं जाईनाशी झाली. कारण संघाने त्यासाठी एक भगिनी ठेवली होती.

आणि काम तर चांगलं होऊन राहिलं होतं! संघाने जीप घेतली. वसंत नावाचा तरुण सुवार्तिक नेमला. मेहनती, गोड गळ्याचा, खेड्यात कोणाच्याही ओट्यावर आडवा होणारा. तिवसमाळचं अंगण अपुरं पडू लागलं. कौसल्याबाईंना विषमज्वर झाला, तेव्हा वसंतने भर पावसात त्यांना जीपमध्ये घालून काटोलला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर बाई गेली असती. श्रीधरभाऊंनी ही हकीकत हॉलमध्ये सांगितली तेव्हा बायकांनी डोळे पुसले, आणि नंतर सगळ्यांच्या नजरा हळूच मामांकडे वळल्या. मामा मान खाली घालून बसले होते. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत.

मामीने विचारलं, "बाई वाचली याचं तुम्हाले वाईट वाटून राहिलं का?"

"असं बोलू नोको वं," एवढंच ते म्हणाले.

पण तिवसमाळला आता मंडळी म्हणत नसत. 'केंद्र' म्हणत. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून घेणं, वसंत येईल त्याच रविवारी. वडील नेमायचा विषय नत्थूजींनी दोनदा काढला, तर कार्यकारिणी योग्य वेळी विचार करील असं उत्तर आलं. मग वसंतला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं, कारण तिकडे माणूस हवा होता. त्याला जायचं नव्हतं, तिवसमाळच्या लोकांना त्याला सोडायचं नव्हतं. दोघांनाही कोणी विचारलं नाही. त्याच्या जागी जो यायचा तो पुष्कळदा यायचाच नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नत्थूजी आणि वामन या भावांचं विहिरीवरून बिनसलं. विहीर एक, बागा दोन, पाणी कमी, आणि वीज मिळायची ती थोडाच वेळ. वामनने आपली पाळी संपल्यावर मोटार बंद केली नाही. नत्थूजींची झाडं सुकली. शिवीगाळ झाली, एकदा काठीपर्यंत गेलं. रविवारी दोघं एका अंगणात बसेनात. ही बातमी संघाच्या कानावर गेली, आणि संघाने ठराव केला. चौकशी होऊन निर्णय होईपर्यंत तिवसमाळ केंद्राची उपासना स्थगित.

मामांना हे दुकानातच कळलं, तिवसमाळहून आलेल्या एका माणसाकडून. ते दुकान तसंच उघडं टाकून शहराच्या सदर भागात संघाच्या कचेरीत जायला निघाले. कॉलेज सुटून मी दुकानाशी पोचले होते. त्यांचा चेहरा पाहून मीही त्यांच्या सायकलमागे माझी सायकल काढली. कचेरीत पंखा होता, भिंतीवर विदर्भाचा नकाशा होता आणि त्यावर रंगीत टाचण्या. श्रीधरभाऊंनी आम्हाला चहा मागवला.

"उपासना बंद कराचा ठराव केला तुमी?" मामांनी कपाला हात लावला नाही. "कोनाची उपासना हाये ते?"

"स्थगित, भाऊ. बंद नाही. उपासनेतच मारामारी झाली तर संघाचं नाव..."

"संघाचं नाव! दोन भाऊ पान्यासाठी भांडले. हे मंडळीचं काम हाये. दोघाइले समोर बसवाचं, सांगाचं, नाई ऐकलं तं पुन्हा जाऊन बसाचं. तुमी कोनी गेले का तिकडं?"

"शिस्त समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. अहवाल आल्यावर..."

"श्रीधर," मामांचा आवाज एकदम खाली आला, "ते लोक या रविवारी प्रार्थना करतीन का नाई, हे तू सदरमंदी बसून ठरवून राहिला. तुले भीती नाई वाटत?"

श्रीधरभाऊंचा चेहरा उतरला. मला वाटतं, त्यांना ते लागलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "मी एकटा काय करू? ठराव सगळ्यांचा आहे." मामा उठले. बाहेर येऊन त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. "पाय वं नीला," ते म्हणाले, "सगळ्याइचा ठराव, मंजे कोनाचाच नाई. भांडू कोनाशी मी?"

त्या रविवारी मामांनी आमच्या हॉलमध्ये हात जोडले. भांडले नाहीत. म्हणाले, "संघ राहू द्या. पन पुढच्या रविवारी आपुन मंडळी म्हनून तिवसमाळले जाऊ. ते आपले लोक हायेत." आश्चर्य म्हणजे सगळे हो म्हणाले. गणपतरावांनी तर उभं राहून प्रार्थना केली. आई म्हणाली, मी पोळ्या करून आणते.

पुढच्या रविवारी सकाळी मी, मामा आणि मामी गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उभे होतो. इंदुताई आल्या, काखेत छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. बाकी कोणी आलं नाही. कोणाकडे पाहुणे आले होते, कोणाचं पोट दुखत होतं. गणपतरावांनी निरोप पाठवला की संघाला विचारल्याशिवाय जाणं बरं दिसणार नाही. आईने पोळ्यांचा डबा तेवढा पाठवला. पहिली बस मामांनी सोडून दिली, कोणी येईल म्हणून. दुसऱ्या बसला इंदुताई म्हणाल्या, "मार्तंडभाऊ, चला आता. उन्हाची वाट पाहता का?"

तिवसमाळला नत्थूजी बागेत होते. आम्हाला पाहून उठले नाहीत.

"सलाम, नत्थूजी."

"सलाम." मग ते म्हणाले, "काहून आले?"

"उपासना कराले. तुमचं भांडन..."

"आमाले बंद हाये उपासना. तुमाले माहीत नाई का? आनखी एक सांगा मार्तंडभाऊ. आमी कोनाचे? तुमी आमाले उभं केलं, मंग तुमच्या मंडळीनं आमाले संघाले देऊन टाकलं, जसं गोऱ्हं देते तसं. आमाले इचारलं होतं का कोनी? वसंतभाऊ आला, त्याले बी नेलं. आता तुमी आले. उद्या कोन येनार हाये?"

मामा त्यांचं सगळं ऐकून घेत उभे राहिले. संघाविरुद्ध आपण एकट्याने किती बोललो, हे ते सांगू शकले असते. मी वाट पाहत होते की आता सांगतील. ते म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. मंडळीनं देल्लं. मी त्या मंडळीचा वडील हावो."

कौसल्याबाई आतून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. अंगणात सतरंजी टाकली आणि मला म्हणाल्या, "नीला, वामनच्या घरी जाऊन सांग, भाकरी टाकून राहिली मी, लेकरं घेऊन ये म्हना." वामन आला, पण सतरंजीवर बसला नाही, कडुलिंबाखाली बसला. नत्थूजी दाराशी बसले. दोघांच्या मधे आम्ही. मामांनी विहिरीच्या पाळ्यांवर बोलायचा प्रयत्न केला, तर दोघंही एकदम बोलायला लागले आणि पुन्हा जुनी सगळी भांडणं निघाली, बापाच्या वेळची सुद्धा. शेवटी इंदुताईंनी मोठ्याने प्रार्थनाच सुरू केली. त्या आवाजापुढे दोघांना गप्प व्हावं लागलं. मग गीत झालं, शास्त्रवाचन झालं, भाकर मोडली. भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. पण उपासना झाली.

परतीच्या बसमध्ये मामी म्हणाली, काहीतरी झालं तरी. मामा म्हणाले, "अर्धंच झालं."

आठवडाभरात श्रीधरभाऊ आमच्या हॉलमध्ये आले. संघाने स्थगित केलेल्या केंद्रावर परस्पर उपासना घेतली, यावर मंडळीने भूमिका स्पष्ट करावी, असं त्यांनी सांगितलं. गणपतराव कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, मार्तंडभाऊंनी काही काळ वडीलपणातून मोकळं व्हावं, म्हणजे सगळ्यांना बरं पडेल.

"मले नेमलं कोनी?" मामांनी विचारलं. "मंडळीनं ना? मंडळी म्हनत असन तं उतरतो. संघ म्हनत असन तं उतरत नाई."

मंडळीने हात वर केले. या वेळी आईने मामांच्या बाजूने हात वर केला, पण तेवढ्याने काय होणार? मामा वडील राहिले नाहीत. लोकांना वाटलं, आता हा माणूस दुसरीकडे जाईल. ते गेले नाहीत. शेवटच्या बाकावर बसत, आणि पूर्वीइतकंच उठून बोलत. मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, सोडा ना हे लोक." तर माझ्यावरच उखडले. "सोडाले हे मंडळी माह्या बापाची हाये का? चुकली तरी मंडळीच हाये."

तिवसमाळला ते जातच राहिले. कधी इंदुताई बरोबर असत, पुढे त्यांना जमेना तेव्हा एकटे. संघाने तिकडे पुन्हा माणूस पाठवला नाही, आणि चौकशीचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. नत्थूजी आणि वामन दोन वर्षांनी बोलायला लागले. तेही मामांमुळे नाही. वामनच्या मुलीच्या लग्नात कौसल्याबाईंनी दोघांना एकाच पंगतीला शेजारी बसवलं आणि वाढायला स्वतः उभ्या राहिल्या, म्हणून.

त्र्याऐंशीच्या सुमाराला संघ मोडला. श्रीधरभाऊंची बदली पुण्याला झाली आणि सचिव कोण यावरून उरलेल्यांत फाटलं. जीप कोणाकडे गेली ते मला ठाऊक नाही. वसंत एका शाळेत मास्तर झाला. संघाची जी बारा-तेरा केंद्रं होती, त्यातली बरीचशी आपोआप विझली, कारण तिथल्या लोकांना आपलं आपण जमायची कधी सवयच लावली नव्हती. तिवसमाळ राहिलं. तिथल्या लोकांनी एका रविवारी प्रार्थना करून आपल्यातलेच दोन वडील नेमले आणि मामांना निरोप पाठवला. एक नत्थूजी. दुसरा वामन.

"वामन!" मामा ओरडले. "अरे, तो मानूस कडुलिंबाखाली बसून राहते! त्याले कोनी वडील केलं?"

"त्यांच्या मंडळीनं," मी म्हटलं. "तुम्हाला हेच हवं होतं ना?"

मामा दिवसभर धुसफुसत होते. पण तिवसमाळला जाऊन वामनच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, आणि येताना पुन्हा धुसफुसत आले.

त्याच वर्षी आमच्या सक्करदऱ्याच्या हॉलमध्ये नव्या पिढीच्या एका उत्साही गृहस्थांनी सुचवलं, की तीन मंडळ्यांनी मिळून एक नवी संस्था काढावी. नावही ठरलं होतं. माना डोलल्या. मामा उठले, तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. मागच्या रांगेत चपला चाचपण्याचा आवाज झाला.

त्या दिवशी जेवताना मी त्यांना विचारलंच. किती वर्षं मनात होतं. "मामा, संघ नसता, जीप नसती, तर कौसल्याबाई गेल्या असत्या. मग?"

"माहीत हाये मले," ते म्हणाले. "मी कधी म्हटलं का, ते वाईट लोक होते? वाईट असते तं भांडन सोपं झालं असतं." त्यांनी घास खाली ठेवला. "आपल्या मंडळीतल्या कोनाकडं जीप नव्हती, हे खरं. पन बसचं तिकीट तं होतं ना सगळ्याइपाशी?"

मामी म्हणाली, "भाजी थंड होऊन राहिली."

"होऊ दे," मामा म्हणाले. पण मग त्यांनी ताट ओढून घेतलं आणि रागारागातच जेवायला लागले.